पोकळ की भरीव?

शाळेची सहल संग्रहालयात शिरली की आधी वह्या निघतात. मुलं पुतळ्यासमोर घोळका करून पाटी उतरवून घेतात : नाव, साल, माध्यम, देणगीदार. डोळे पाटीवर, पाठ पुतळ्याकडे. एक पाटी झाली की पुढची. सोमवारी वर्गात त्यावर निबंध लिहायचा असतो, आणि साठ निबंध तपासणाऱ्या बाईंना सालं बरोबर आहेत का एवढंच बघायची सवड असते. अशा सहलीहून परतलेल्या मुलाला विचारून बघा, त्या पुतळ्याची पाठ कशी होती? पुतळ्याला पाठ असते हेच त्याच्या गावी नसतं.

मी अलिबाग तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. आमच्या सहलीत वह्या दप्तरातच राहतात. पाटी वाचायला बंदी नाही, फक्त ती सगळ्यात शेवटी वाचायची. आधी शिल्पाभोवती पुरी फेरी मारायची आणि मग एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं : हे पोकळ आहे की भरीव?

प्रश्न माझा नाही, आठवीतल्या एका मुलाचा आहे. त्याच्या मामाचा पेणजवळ गणपतीचा कारखाना. मे महिन्याची सुट्टी लागली की हा तिकडे पसार. त्याच्या तुकडीला घेऊन सासवण्याच्या करमरकर शिल्पालयात गेलो होतो. बाकीची मुलं ‘कसलं हुबेहूब आहे!’ म्हणत एकमेकांना ढकलत होती, आणि हा एका पुतळ्याच्या मागे जाऊन उभा राहिलेला. बोटाचं पेर वाजवून बघायला हात उचललेला, पण लावायचा धीर होत नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाला, “सर, ह्ये पोकल हाय का भरीव?”

कारखान्यात वाढलेल्या पोराला हा प्रश्न पडणारच. साच्यात प्लास्टर ओतायचं, साचा फिरवून ते सगळीकडे सारखं बसतंय ना बघायचं, मग प्लास्टरात बुडवलेला काथ्या आतून चिकटवत जायचं, दोन बाजू जोडायच्या, सांधा घासून काढायचा. जाडी किती ठेवायची हे मामा आकड्यात सांगत नाही, ते हाताला कळावं लागतं. जास्त झाली तर मूर्ती जड होते आणि टेम्पोत कमी मावतात. कमी झाली तर गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत सोंड हातात येते. शाडूची तऱ्हा वेगळीच, ती आतून नीट वाळली नाही तर तडकते. शिल्प म्हणजे आधी वजन, जाडी, सांधा आणि तोल, हे या मुलाला तेराव्या वर्षी ठाऊक होतं. मला ते पुस्तकांतून कळलं होतं, म्हणजे अर्धंच.

सासवण्याबद्दल थोडं सांगायला हवं. विनायक पांडुरंग करमरकर (1891–1967) याच गावचे. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं आणि त्यांच्या मदतीने हा मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोचला, ही गोष्ट आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असते. पुढे कलकत्ता झालं, लंडन झालं. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा, 1928 सालचा, साडेतेरा फूट उंच. गावातल्या त्यांच्या घरीच आता त्यांची शिल्पं मांडली आहेत. शंख फुंकणारा पुरुष आहे, कोळीण आहे, आणि अंगणात बसलेली सिमेंटची म्हैस आहे, जिच्यापुढे आमच्या गावचा कोणीही गुराखी दोन मिनिटं थांबतो.

अडचण होते ती इथेच. ती म्हैस बघितल्यावर मुलांच्या हातात एक फूटपट्टी येते आणि ती सुटता सुटत नाही. दिसतं तसं आहे? मग भारी. दिसत नाही तसं? मग हे कोणाला जमलं नसतं! माझ्या एका कलाशिक्षक मित्राचं तर स्पष्ट म्हणणं आहे की मुलांना करमरकर शेवटी दाखवावेत, आधी दाखवले की डोळा बिघडतो. मला ते पटत नाही. ज्या पोरांच्या गावात हा माणूस जन्मला त्यांना त्याच्या अंगणातून वळसा घालून न्यायचं, हे काही खरं नव्हे. फूटपट्टी सोडवायला दुसरा मार्ग आहे, तो म्हणजे जवळ जाणं. लांबून म्हैस, हातभर अंतरावर आलं की सिमेंट. हे सिमेंट कालवलं कुणी, लावलं कसं, उन्हापावसात टिकलं कसं, असे प्रश्न सुरू झाले की ‘हुबेहूब’ आपोआप मागे पडतं.

परत आल्यावर वर्गात मी त्यांना दुसऱ्या सिमेंटचा फोटो दाखवतो. शांतिनिकेतनच्या मोकळ्या माळावर रामकिंकर बैज यांनी 1938 मध्ये उभं केलेलं ‘संथाळ कुटुंब’. बाप, आई, पोरं, कुत्रा, कावडीत संसार, सगळं बिऱ्हाड चालत निघालंय. ब्राँझ ओतायला पैसा नव्हता, म्हणून रामकिंकरांनी लोखंडी सळ्यांचा सांगाडा केला आणि सिमेंटात जांभ्याची खडी कालवून तो माल हाताने त्यावर थापत गेले. करमरकरांनी सिमेंट घोटून घोटून त्याची कातडी केली, रामकिंकरांनी खडी उघडी राहू दिली. फोटो फळ्यावर लावल्याबरोबर मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, गिलावा राह्यलाय!” वर्ग हसला. मी म्हटलं, ठीक, आपण गिलावा करू. काय होईल? ओळखू येतील का हे लोक कष्टकरी म्हणून? त्यांच्या पायाखालची जमीन आणि त्यांचं अंग एकाच मालाचं दिसेल का? त्या तासाला घंटा झाली तेव्हा गिलाव्याच्या बाजूने वर्गातली निम्मी मुलं अजून भांडत होती.

मुंबईची सहल दिवाळीनंतर निघते, कारण पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद असते. तासाभराच्या प्रवासात सीगलना वेफर्स भरवून होतात, दोघा-तिघांना लागतं, आणि गेटवेला उतरलं की समोर घोड्यावर महाराज. सदाशिव साठ्यांचा हा पुतळा 26 जानेवारी 1961 ला बसला. मुलं फोटोसाठी समोर रांग धरतात, मी त्यांना मागे पिटाळतो. घोड्याचे किती पाय टेकलेत? सगळं वजन कुठून खाली उतरतंय? पाय वर असेल तर वीर कसा मेला ते कळतं, ही मोबाइलवर फिरणारी माहिती कुणीतरी सांगतंच. ती खोटी आहे. पायाचा संबंध तोलाशी आहे, मरणाशी नाही. आणि पोकळ की भरीव? पोकळ. एवढा घोडा भरीव ओतला तर धातू थंड होताना आक्रसून तडे जातील आणि वजन चौथऱ्याला झेपणार नाही. ब्राँझचा पुतळा म्हणजे काही मिलिमीटर जाडीचं कवच, आत आधाराला सांगाडा. गणपतीच्या कारखान्यातलंच गणित, फक्त भट्टी मोठी. इथवर आमच्या पेणकराची मान ताठ असते.

तिथून रीगलच्या चौकापर्यंत चालत जायचं. वस्तुसंग्रहालयाच्या समोर, रस्त्यापलीकडे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट. मुळात हे सर कावसजी जहांगीर सभागृह, 1911 सालचं. इथे सभा व्हायच्या, मैफली व्हायच्या. मग इमारत पडून राहिली. तिचं कलादालन व्हावं म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला त्यांत पिलू पोचखानवाला होत्या, स्वतः शिल्पकार, भंगार लोखंडाची जोडणी करून शिल्पं घडवणाऱ्या. 1996 मध्ये गॅलरी सुरू झाली, तेव्हा त्यांना जाऊन दहा वर्षं झाली होती.

आत वर्तुळाकार जिन्यांनी चढत जावं लागतं आणि प्रदर्शनं बदलत असतात, त्यामुळे काय बघायला मिळेल ते आधी सांगता येत नाही. त्या खेपेला एका दालनात लोखंडी पत्र्याचं एक उभं शिल्प होतं. कुणाचं ते इथे लिहीत नाही, मुलांनाही शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. पुरुषभर उंच, वाकवलेले पत्रे एकमेकांत घुसलेले, मधून पलीकडची भिंत दिसते. मुलं थबकली. पहिला प्रश्न नेहमीचा, “हे काय आहे?” आणि उत्तरंही पटापट : जहाजाचं शीड, मोडलेला पंखा, वाकलेला म्हातारा. या खेळात मुलं हुशार असतात, पण तो ढगात हत्ती बघण्याचा खेळ आहे, त्याला शिल्प लागत नाही. मी फेरी मारायला लावली.

एक मुलगी फेरी अर्धी सोडून उकिडवी बसली. तिच्या वडलांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करतात. मान तिरकी करून सांध्याकडे बघत म्हणाली, “सर, या बाजूला टाका मारून तसाच सोडलाय. त्या बाजूला ग्राइंडर फिरवलाय.” सगळे खाली वाकले. खरंच. एका अंगाला वेल्डिंगचे मणी ओळीने उघडे, दुसऱ्या अंगाला सांधा कुठे आहे ते शोधावं लागावं इतका सफाईदार. तिने तिथेच निकाल दिला, “म्हणजे येतं त्याला. मुद्दाम नाही केलं.” जे हात सांधा लपवू शकतात त्यांनी तो एका बाजूला का दाखवला, या प्रश्नावर मग पंधरा-वीस मिनिटं गेली. कुणी म्हणालं, ती मागची बाजू असेल. मग पुढची कुठली? प्रत्येकाने आपापली पुढची बाजू सांगितली, आणि त्या चार निघाल्या.

मी पेणकराकडे वळलो. पोकळ की भरीव? त्याने एकदा पत्र्यांच्या मधून पलीकडे बघितलं, मग दुसऱ्या बाजूने. गोंधळला. म्हणाला, “सर, पन आत कुठाय हेच कलत नाय.”

विसाव्या शतकातल्या शिल्पाबद्दल मी जाड जाड पुस्तकांत जे वाचलं ते हेच होतं. त्याआधी हजारो वर्षं मूर्तीचे दोनच मार्ग होते. एक, दगड-लाकूड कोरून नको ते काढून टाकायचं. दोन, माती थापत वाढवायची आणि मग ती धातूत ओतायची. दोन्हीकडे आत आणि बाहेर यांची सीमा ठरलेली. मग 1912 ते 1914 च्या दरम्यान पिकासोने आधी पुठ्ठ्याची आणि मग पत्र्याची एक गिटार केली. तुकडे कापले, जोडले, झालं. तिसरा मार्ग निघाला, जोडकामाचा. स्पेनचा हुलिओ गोन्झालेस 1918 मध्ये फ्रान्समधल्या रेनॉच्या मोटार कारखान्यात वेल्डिंग शिकला आणि ते त्याने शिल्पात आणलं. आपल्याकडे औषधांच्या कारखान्यात नोकरी करणारे आदी दाविएरवाला लाकूड, दगड करत करत धातूकडे आणि पुढे प्लास्टिक, लोहचुंबकापर्यंत गेले. या जोडकामात मधली मोकळी जागा हाही मालच असतो, लोखंडाइतकाच. तिथे पोकळ-भरीव हा प्रश्नच मोडतो. तो मोडतो हे कळायला आधी तो प्रश्न पडलेला असावा लागतो, म्हणून आमची सहल सासवण्याहून निघते.

हात लावायचा नाही हे दालनातले रक्षक पुन्हा पुन्हा सांगतात आणि त्यांचं बरोबर आहे. घामातलं मीठ धातूला खातं, बोटाचं तेल संगमरवरात मुरून डाग पडतो. पण कारण सांगितल्याशिवाय केलेली मनाई मुलांना नुसती दटावणी वाटते. कारण सांगितलं की तीच मुलं हात पाठीमागे बांधून नाक शिल्पापासून वीतभर अंतरावर नेतात, आणि मग रक्षकाला वेगळीच काळजी लागते.

परतल्यावर वर्गात खटला चालवतो. मुलांना सगळ्यात आवडतं ते हे, आणि मलाही. 1926 मध्ये कॉन्स्टँटिन ब्रांकुशी या पॅरिसमध्ये राहणाऱ्या रोमानियन शिल्पकाराचं ‘अवकाशातला पक्षी’ हे ब्राँझ शिल्प बोटीने न्यूयॉर्कला आलं. निमुळतं, उभं, आरशासारखं घासलेलं, पंख नाहीत, चोच नाही, पाय नाहीत. कायद्याने शिल्पाला जकात माफ होती. कस्टमच्या माणसाने ते बघितलं आणि स्वयंपाकघरातली भांडी व इस्पितळाचं सामान या सदरात टाकून 40 टक्के जकात लावली. ज्याने ते विकत घेतलं होतं तो छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन साक्षीला उभा राहिला. हा पक्षी रानात दिसला असता तर गोळी झाडली असतीस का, असंही कोर्टात त्याला विचारलं गेलं. नोव्हेंबर 1928 मध्ये निकाल लागला : नव्या पद्धतीची कला निघाली आहे, ती आवडो न आवडो, हे शिल्प आहे, जकात माफ. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात करमरकरांच्या महाराजांचं अनावरण झालं होतं, लगामापासून रिकिबीपर्यंत सगळं जिथल्या तिथे. एकाच साली जगाच्या दोन टोकांना शिल्पाकडून लोकांच्या दोन अपेक्षा, आणि माझ्या वर्गात त्या दोन्ही एका बाकावर शेजारी शेजारी बसतात.

आमच्या खटल्यात निकाल आधी सांगत नाही. पक्ष्याचा फोटो अलिबागच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत छापून आणतो. मुलांत दोन गट पडतात. ब्रांकुशीचा वकील सहसा जोरात असतो, पण त्या वर्षी कस्टमकडून तीच फॅब्रिकेशनवाल्याची मुलगी उभी राहिली. तिचा मुद्दा सरळ होता. “भांड्यावर 40 टक्के, मूर्तीवर शून्य. उद्या मी पितळेची कळशी आणीन आणि म्हणेन ही मूर्ती आहे. तुम्ही कशावरून नाही म्हणाल?” ब्रांकुशीचा वकील म्हणाला, कळशीत पाणी भरता येतं. ती म्हणाली, “मी बूड काढून आणीन.” यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या वर्गात कस्टमवाले जिंकले. खरा निकाल सांगितला तेव्हा ती मुलगी अजिबात वरमली नाही. अपील करीन म्हणाली. बूड काढलेल्या कळशीचा प्रश्न कलेच्या जगात आजही सुटलेला नाही, तेव्हा तिने घाई करायचं कारण नाही.

या पक्ष्याचा आपल्याशी जवळचा संबंध आहे हे शाळेच्या पुस्तकात कुठे येत नाही. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी ब्रांकुशीकडून असे तीन पक्षी घेतले. एक ब्राँझचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. ते ठेवण्यासाठी इंदूरला एक ध्यानमंदिर बांधायचं ठरलं आणि त्यासाठी ब्रांकुशी स्वतः इंदूरला येऊन गेला. मंदिर झालंच नाही. पुढे पक्षीही गेले. संगमरवराचे दोन्ही आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाच्या मालकीचे आहेत, ब्राँझचा कॅलिफोर्नियात पॅसाडीनाला. मल्हारराव आणि अहिल्याबाई आमच्या मुलांना तोंडपाठ आहेत. त्याच घराण्याने विसाव्या शतकातल्या सगळ्यात धाडसी शिल्पांपैकी तीन मागवली होती, हे कळल्यावर वर्ग क्षणभर गप्प होतो आणि मग कुणीतरी व्यवहाराचं विचारतं, “सर, आता परत नाय मिलनार?” नाही मिळणार.

हळहळ बाजूला ठेवतो, कारण हातातल्या गोष्टीच अजून झालेल्या नाहीत. दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या ग्रेड परीक्षेला मी मुलं बसवतो. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. सगळं सपाट कागदावर. ज्या मुलाला मूर्तीची जाडी हाताने कळते आणि ज्या मुलीला सांध्यावरून माणसाची नियत कळते, त्यांना त्या परीक्षेत दाखवायला काहीच नाही. पेणचा तो मुलगा एलिमेंटरीत सी ग्रेडवर पास झाला, संकल्पचित्रात त्याचा रंग रेषेबाहेर गेला म्हणून.

परीक्षा घेणाऱ्यांना माझी विनंती आहे की एक पेपर मातीचा ठेवावा. किलोभर शाडू, पाण्याची वाटी, दोन तास, आणि अट एवढीच की केलेली वस्तू चारही बाजूंनी बघण्यासारखी असावी. तपासायला अवघड जाईल हे मान्य. परीक्षकाला टेबलाभोवती फिरावं लागेल. आणि तोवर, शिक्षक मित्रांनो, मुलांना घेऊन सासवण्याला या, मुंबईला जा. नॅशनल गॅलरी सोमवारी बंद असते. वह्या नेऊ नका.